शेरर सांगतो १८, टीईएम दाखवतो ६०. रिव्ह्यूअरला काय लिहू?

भट्टीवाली

नमस्कार मंडळी. पीएच.डी.चं दुसरं वर्ष, इनऑरगॅनिक. आमचं केंद्र मराठवाड्यातल्या कॉलेजात. भट्टी, सेंट्रिफ्यूज आणि यूव्ही एवढंच घरचं, बाकी सगळ्याला पूड कुपीत भरून बाहेरगावी पाठवायची आणि रिपोर्टची वाट बघत बसायचं.

झिंक ऑक्साइडचे नॅनोकण करायला झिंक नायट्रेटच्या द्रावणात कॉस्टिक सोडा थेंबथेंब सोडला, प्रेसिपिटेट धुऊन ८० अंशांना वाळवलं, मग ४०० ला दोन तास भाजलं. एक्सआरडीतली (क्ष-किरण विवर्तनातली) सगळी शिखरं झिंक ऑक्साइडच्या ३६-१४५१ या संदर्भ-कार्डाशी जुळतात. (१०१) या अणुपातळ्यांचं शिखर ३६.२५ अंशांवर, अर्ध्या उंचीवरची रुंदी ०.४६ अंश. शिखराच्या रुंदीवरून आकार काढणाऱ्या शेररच्या सूत्राने १८ नॅनोमीटर. टीईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) मात्र कण ५० ते ७०. यूव्हीच्या टाउक आलेखावरून बँड गॅप (इलेक्ट्रॉनला वर उडी मारायला लागणारी ऊर्जा) ३.२२ इलेक्ट्रॉन व्होल्ट.

यावरच्या पेपरचा दुसरा रिव्ह्यूअर विचारतो, आकारात एवढी तफावत का? आणि बँड गॅपला 'क्वांटम साइझ इफेक्ट' (कण फार लहान झाल्याने बँड गॅप बदलणं) म्हणता ते कशाच्या जोरावर? सर म्हणतात, टीईएमचे फोटो काढून टाक, विषय संपला. मला ते पटत नाहीये. दहा दिवसांत उत्तर द्यायचंय.

अणुरेणू

रुंदी रेडियनमध्ये घातली होतीस ना? आमच्या लॅबमधल्या एका पोराने अंशच घातले, आकार आला ०.३२ नॅनोमीटर. झिंक ऑक्साइडचा एक युनिट सेलच ०.५२ उंच असतो म्हटल्यावर गप्प बसला. तुझा १८ बरोबर आहे म्हणा, आत्ताच करून बघितलं.

कोल्हापूरकर_ग्वांगजू

१८ आणि ६० ही भांडणारी उत्तरं नाहीतच. शेरर कणाचा आकार सांगत नाही, क्रिस्टलाइटचा, म्हणजे आतल्या एकसंध स्फटिक-दाण्याचा सांगतो. अणूंची रांग न मोडता जेवढी लांब जाते तेवढाच तुकडा त्याला दिसतो. शेंगदाण्याच्या लाडवात एक दाणा मोजावा तसं. टीईएमचा साधा फोटो अख्खा लाडू दाखवतो. ४०० ला भाजताना शेजारचे दाणे एकमेकांना चिकटतात, हे तर होणारच.

पण एवढं लिहून भागवू नकोस, रिव्ह्यूअर जाणता दिसतोय. ०.४६ मध्ये यंत्राची स्वतःची रुंदीही मिसळलेली आहे. ज्या केंद्रात स्कॅन झाला तिथून त्याच सेटिंगवरची सिलिकॉनची किंवा लँथॅनम हेक्साबोराइडची फाइल माग, त्या प्रमाण नमुन्यांची रुंदी म्हणजे जवळजवळ यंत्राचीच. समज, यंत्राची रुंदी ०.१२ निघाली. शिखराचा आकार गॉसियन धरलास तर वर्गांची वजाबाकी करून १८.८ येतं, लोरेंझियन धरलंस तर सरळ वजाबाकीने २४.६. म्हणजे 'सुमारे १९ ते २५' असं लिही. '१८.१७' असे दोन दशांश पेपरात बघितले की माझं डोकं फिरतं.

(१००) आणि (००२) ची रुंदीही वेगवेगळी काढ. (००२) बरीच अरुंद असेल तर दाणे सी-अक्षाकडे लांबट आहेत. विल्यमसन-हॉलच्या (आकाराची आणि ताणाची रुंदी वेगळी करणाऱ्या आलेखाच्या) नादी तीन शिखरांवर लागू नकोस, तीन ठिपक्यांतून रेघ कुणालाही ओढता येते.

क्वांटम इफेक्ट मात्र काढूनच टाक. झिंक ऑक्साइडमध्ये एक्सिटॉनची (इलेक्ट्रॉन आणि त्याची रिकामी जागा या जोडीची) बोर त्रिज्या अडीच नॅनोमीटरच्याही आत, आणि हा परिणाम तेवढ्या लहान दाण्यांतच दिसतो. तुझा दाणा त्यापुढे मोठा. शिवाय आकारामुळे बँड गॅप वाढायला हवा, आणि तुझा ३.२२ तर मोठ्या स्फटिकाच्या ३.३७ च्या खाली! पावडरच्या रिफ्लेक्टन्सवरून ३.२ च्या आसपास येणं अगदी नेहमीचं आहे. दावाच उलट्या दिशेचा आहे गं.

परीक्षक_मावशी

सगळं बरोबर. पण खरी अडचण सरांची आहे, तिकडे कुणी बघत नाहीये.

अगं, टीईएम पहिल्या मसुद्यात गेलेलं आहे. रिव्ह्यूअरने पाहिलं म्हणूनच तर प्रश्न आला. आता फोटो गायब झाले तर संपादक तोच मसुदा त्याच माणसाकडे पाठवणार आणि मग नकार ठरलेला. सरांना 'तुमचं चुकतंय' म्हणू नकोस. 'सर, फोटो त्याने बघितलेत, काढले तर संशय येईल' एवढंच म्हण. संशयाची भाषा गाइडला लगेच कळते. मी इतकी वर्षं गाइड होते, म्हणून सांगते.

आणि इमेजजे या सॉफ्टवेअरमध्ये शंभरेक कण मोजून हिस्टोग्राम लाव. 'कण ५० ते ७०' हे नजरेने ठरवलेलं दिसतंय.

कोल्हापूरकर_ग्वांगजू

मावशींना अनुमोदन. एक राहिलंच. जमलं तर बीईटी (वायू शोषून पुडीचं पृष्ठफळ मोजणं) करून घे, वाद तिथे मिटतो. झिंक ऑक्साइडची घनता घन सेंटीमीटरला ५.६१ ग्रॅम. गोल कण धरून ६००० भागिले घनता गुणिले व्यास असं केलं तर १८ नॅनोमीटरच्या सुट्या दाण्यांना ग्रॅममागे ५९ चौरस मीटर यायला हवेत, ६० च्या भरीव कणांना १८. बीईटीचा आकडा १८ चौरस मीटरकडे झुकला तर दाणे आतून घट्ट जुळलेत, ५९ कडे गेला तर नुसते टेकलेत.

आणखी एक. ८० ला वाळवलेल्या नमुन्याचा स्कॅनही पेपरात असेल तर तो २० अंशांपासून सुरू केलाय का बघ. नायट्रेटपासून केलेल्यात थरांचं झिंक हायड्रॉक्सी नायट्रेट राहून जातं, त्याचं मुख्य शिखर १० च्या खाली असतं. वीसपासून बघणाऱ्याला ते दिसतच नाही.

भट्टीवाली

मावशी, सर तयार झाले! म्हणाले, 'हो, संशय नको.' हिस्टोग्राम सुरू केलाय, डोळे दुखायला लागलेत. वाळवलेल्याचा स्कॅन वीसपासूनच आहे, पण पेपरात नाही, सुटले.

बीईटीला पूड किती लागते? त्या बॅचची जेमतेम पाव ग्रॅम उरलीय.

कोल्हापूरकर_ग्वांगजू

पुरेल. सगळी पाठव, डीगॅस (तापवून चिकटलेली वाफ आणि वायू काढणं) १५० ला करायला सांग. कमी पडेल म्हणून नव्या बॅचची त्यात मिसळू नकोस.