सॅलिनासची ट्रिप : लायब्ररी ठेवायची की काढायची?

मंडळी,
प्लॅन बघितला. स्टाइनबेक सेंटर (लेखक जॉन स्टाइनबेकचं म्युझियम), जेवण, मग मॉन्टेरेचा समुद्र, सगळं झकास. फक्त मध्येच ती लायब्ररी कुठून आली? दर शनिवारी नातवंडांना घेऊन जातोच की लायब्ररीत, त्यासाठी सॅन होजेपासून 60 मैल गाडी हाणायची? तेवढा वेळ समुद्राला द्या.

*

काका, लायब्ररी मीच घुसवलीय, शिव्या मला द्या :)
सेंटर भारीच आहे, 1960 मध्ये ज्या कॅम्पर ट्रकमधून स्टाइनबेक देश फिरला तो ट्रक, रोसिनान्ते, तिथे ठेवलाय, पोरं खूश होतील. पण सेंटर उघडलं 1998 मध्ये, तोवर जगात नाव झालेला माणूस होता तो, कौतुक करायला फार काही लागत नव्हतं. लायब्ररीची गोष्ट वेगळी. 1939 ला शेतमजुरांच्या हालांवरची त्याची कादंबरी 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' आली आणि कॅलिफोर्नियातले मोठे शेतमालक असले खवळले की त्याच ऑगस्टमध्ये तिथल्याच कर्न काउंटीचा कारभार बघणाऱ्या सुपरवायझर्सच्या बोर्डाने शाळा आणि लायब्रऱ्यांतून पुस्तकच हद्दपार केलं, तिथल्या ग्रंथपाल ग्रेचेन नीफ यांनी बोर्डाला पत्र लिहून विरोध केला तरी बंदी उठायला 1941 उजाडलं. सॅलिनास म्हणजे तर लेट्यूसवाल्यांचंच गाव, तिथेही त्याच्याबद्दल कोणाला पुळका नव्हता. 1962 ला नोबेल मिळालं, डिसेंबर 68 मध्ये तो गेला, आणि गावाच्या लायब्ररीला त्याचं नाव लागलं 1969 मध्ये. म्हणजे बघायला तो नव्हताच. बाहेर पुतळा आहे, आता फोटोला सगळे त्याच्या शेजारी उभे राहतात.

*

मी जरा मध्ये बोलते, 2004-05 मध्ये आम्ही सॅलिनासला होतो.
नाव दिलं म्हणजे जपलं असं नाही हो दादा. गावाकडे पैसे नव्हते, तिन्ही लायब्रऱ्या, ही, शेतमजुरांचा नेता सेझार चावेझच्या नावाची आणि एल गाबिलान, बंद करायचं ठरलं होतं. नोबेलवाल्याच्या गावात लायब्ररी बंद म्हणून देशभर बोभाटा झाला, लोकांनी देणग्या जमवल्या, आणि नोव्हेंबर 2005 मध्ये मेझर व्ही हा प्रस्ताव मतदानात पास झाला, विक्रीकरात अर्ध्या टक्क्याची वाढ. मला मत नव्हतं, तेव्हा ग्रीन कार्डसुद्धा नव्हतं, नुसती बघत बसले.
लक्षात राहिलंय ते मात्र वेगळंच. लायब्ररीत संध्याकाळी शेतातून थेट आलेली एक बाई, बुटांना ओला चिखल, म्हणून खुर्चीच्या अगदी कडेला बसलेली, आणि सात-आठ वर्षांची पोरगी तिला इंग्लिश पुस्तक वाचून दाखवतेय, मध्ये थांबून स्पॅनिशमध्ये समजावतेय. पुस्तक कुठलं ते नाही दिसलं.
जाताना सेझार चावेझला पण दहा मिनिटं थांबूया का? मला वाटतं ती जास्त स्टाइनबेकची लायब्ररी आहे.

*

बरं बाई, दोन्ही ठेवा. समुद्र काही पळून जात नाही.
पण जेवण स्टाइनबेक हाउसलाच ना? त्याच्या जन्मघरात जेवायचं म्हणून बायकोला तोंड भरून सांगून बसलोय. तिथे वाढणारे सगळे व्हॉलंटिअर असतात म्हणे, तेव्हा आपण बावीस जण आहोत आणि त्यातले नऊ व्हेज, हे आधी फोन करून सांगा. मागच्या ट्रिपला मी नुसता ब्रेड खाऊन परत आलोय.