तीन तासांचे स्वयंसेवक : संस्थेला मदत की डोक्याला ताप?

चादरवाला
मी एमआयडीसीत कामाला, सुट्टी आठवड्याला एक, ती पण शिफ्टप्रमाणे फिरते. आमचा सात-आठ जणांचा ग्रुप आहे, सगळ्यांना काहीतरी करायचंय, पण कुठल्याही संस्थेत गेलं की पहिला प्रश्न, दर आठवड्याला येणार का, किमान सहा महिने? नाही म्हटलं की चहा पाजून रवाना. माझं म्हणणं सरळ आहे, संस्थांनी कामाचे तीन-तीन तासांचे तुकडे करून ठेवावेत. पुस्तकांना नंबर टाकणे, पंखे दुरुस्त करणे, काहीपण. ज्याला जमेल त्यानं यावं, काम संपवावं, जावं. आषाढीला पंढरपूरच्या वाटेवर वारकऱ्यांना पाणी वाटणारे कुठं सहा महिन्यांचा बाँड लिहून देतात?

वसतिगृहवाली ताई
दादा राग मानू नका, पण तुकडे करायचे कुणी? मीच ना? आमच्याकडं पूर्णवेळ माणसं दोन, मी आणि स्वयंपाकाच्या मावशी. मागं एका कंपनीचे 35 जण आले, भिंती रंगवायला, ऐन एप्रिलात. आमच्या भागात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, आणि ह्या लोकांनी ब्रश आणि हात धुण्यात अख्खी टाकी रिकामी केली, मग पोरींसाठी टँकर मागवला, त्याचे पैसे आमचेच. वर भिंतीला ओल होती ती न खरवडता थेट ऑइलपेंट मारला. फोटो झकास आले. पहिल्याच पावसात पापुद्रे सुटले. त्यांचे तीन तास गेले, माझा आठवडा गेला.

सात रस्ता
ह्यात चूक कमी वेळाची नाही ताई, कामाच्या निवडीची आहे. सप्टेंबर 2025 ला सीना नदीला पूर आला, मोहोळ-माढ्याकडची गावं पाण्यात, तेव्हा कोण विचारत होतं किती महिने येणार म्हणून? मी दोनच संध्याकाळी गेलो किट भरायला. लाइनीत उभं राहायचं आणि आपल्यापुढची वस्तू पिशवीत टाकायची, माझ्याकडं तूरडाळ होती. शिकवायला दोन मिनिटं लागली.

शेंगाचटणी
आणि शेजारच्या खोलीत जुन्या कपड्यांचा ढीग होता तो निवडायला कोण आलं बे? चमकीच्या साड्या, एकाच पायाची चप्पल, फाटका कोट. पाणी ओसरल्यावर घराघरातला गाळ काढायला माणसं लागत होती तेव्हा सगळे ग्रुप थंड. सोपं आणि फोटोतलं काम तेवढं तुमचं, बाकीचं संस्थेचं.

सात रस्ता
गाळ काढायला नाही गेलो, मान्य. पाठ धरते माझी.

पूर्व भाग
मी अभ्यासिकेत चार वर्षं शिकवते. घरी तेलुगू, शाळेत मराठी, आई दिवसभर विड्या वळते, असं पोरगं आपल्याशी बोलतं व्हायलाच दीड-दोन महिने जातात. आमची पोरं आता नवीन माणसाला नावच विचारत नाहीत, सगळ्यांना मिळून 'संडेवाले' म्हणतात. मागच्या महिन्यात एक दादा आले, त्यांनी अपूर्णांक काढला, जो आधीच्या दादांनी पण काढला होता, आणि त्याच्या आधीच्यांनी पण. रंगकामाचं तुम्ही बघा काय ते, शिकवण्याचे तुकडे करू नका.

निवृत्त मास्तर
मुदतीचं काम नवीन नाही. एनएसएसमध्ये, म्हणजे कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेत, वर्षाला 120 तास आणि सात दिवसांचं शिबिर असतंच की. आम्ही शोषखड्डे घेतले. जिथं मी आधी दोन-तीन फेऱ्या मारून जागा ठरवली, उतार कुठला, सांडपाणी कुठून येतं ते बघितलं, तिथले खड्डे चालले, जिथं ऐनवेळी सरपंच म्हणाले हितं खणा, तिथं पोरांनी घाम गाळून डबकं केलं. आणि खरं सांगायचं तर 120 तासांच्या वहीवर मी पण कितीदा डोळे झाकून सही ठोकलीय.

रातराणी
तुम्ही सगळे जाऊन करायच्या कामाबद्दलच बोलताय. मला दोन वर्षांचं बाळ आहे, मी रात्री दहानंतर मोकळी, मी कुठं जाऊ? एका संस्थेच्या वर्षभराच्या देणगी पावत्या एक्सेलमध्ये भरून दिल्या, संस्थेला 80जी, म्हणजे देणगीदाराला आयकरात सवलत मिळायची मान्यता, असलं की देणगीदारांची यादी 31 मेपर्यंत ऑनलाइन भरावी लागते आणि त्यांचे अकाउंटंट काका एकटेच. अकरा रात्री लागल्या. सहा महिने विचारले असते तर मी नाहीच म्हटलं असतं.

शेंगाचटणी
लोकांचे पॅन नंबर तुमच्या मोबाईलवर? धन्य.

रातराणी
पॅनचा कॉलम काकांनी स्वतः भरला. मी नाव, रक्कम, तारीख, बास. काम झाल्यावर शीटचा ऍक्सेस पण काढून घेतला. आधी विचारा तरी.

चादरवाला
ताई, तुमची ती भिंत अजून तशीच आहे का? आम्ही पापुद्रे खरवडायला येतो. 35 नाही, सहाच. पत्रे-पटाशी आमची, पाण्याचा कॅन आमचा.

वसतिगृहवाली ताई
तशीच आहे. खरवडून झाल्यावर निदान पंधरा दिवस वाळू द्यायची, मग पुट्टी, मग रंग. म्हणजे तुम्हाला तीनदा यावं लागणार. चालेल का? आणि रविवारी नको, पोरींना भेटायला घरचे येतात.

चादरवाला
तीनदा म्हणजे झालं की हो तुमचं दर आठवड्याला 😅 बरं, ग्रुपवर विचारून सांगतो.