मदत हवी आहे: सर्लच्या ‘चिनी खोली’त अडकलोय

मंडळी, तत्त्वज्ञान वाचलेल्यांनी जरा हात द्या. कॉलेजच्या मुलांसमोर ‘यंत्राला खरंच कळतं का’ यावर बोलायचंय आणि एका जागी गाडी रुतलीय.

अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन सर्लचा 1980 सालचा युक्तिवाद असा: खोलीतल्या माणसाला चिनीचा ओ की ठो कळत नाही. फटीतून चिनी अक्षरांच्या चिठ्ठ्या येतात. ‘अशी खूण आली की तशी खूण दे’ असं सांगणारं इंग्रजी नियमपुस्तक चाळून तो उत्तरं सरकवतो. बाहेरच्यांना वाटतं, आत अस्सल चिनी माणूस आहे. सर्लच्या मते संगणकाचा प्रोग्रामही एवढंच करतो: नियमाने खुणा सरकवतो, अर्थ कळत नाही.

यावर विरोधक म्हणतात, माणसाला नसेल कळत, पण माणूस-पुस्तक-चिठ्ठ्या मिळून अख्ख्या व्यवस्थेला कळतं. सर्लचा पलटवार: मग त्याने पुस्तक पाठ करून खोलीबाहेर यावं. आता सगळी व्यवस्था त्याच्या डोक्यात, तरी चिनी कळलं का?

मला इथे हातचलाखी वाटते. अर्थ न समजता अथर्वशीर्ष घडाघडा म्हणणारे घरोघरी आहेत, पण त्यातल्या ओळीवर नवा प्रश्न विचारा, गप्प होतील. हा माणूस तर कुठल्याही प्रश्नाला चोख उत्तर देतोय!

आणि एखाद्या पोराने विचारलं, ‘सर, एकेका न्यूरॉनलाही मराठी येत नाही, मग मेंदूला कसं येतं?’ तर? सर्ल मेंदूच्या जैविक कारकशक्तीकडे, म्हणजे समज निर्माण करण्याच्या मेंदूच्या शारीरिक ताकदीकडे, बोट दाखवतो. मला ती पळवाट वाटते. त्याची बाजू कोणी नीट लढवून दाखवेल का? मराठीत यावर काही वाचण्यासारखं असेल तर तेही सुचवा.