नवा फोन घेताना आधी काय पाहावे: आयफोन-अँड्रॉइड, की अपडेटची वर्षे?

अनवट (चर्चाप्रस्ताव; पुढे इतर सदस्यांचे प्रतिसाद)

घरात नवा फोन घ्यायचा विषय निघाला की चर्चा लगेच आयफोन विरुद्ध अँड्रॉइड या वळणावर येते आणि तिथेच अडकून बसते. माझ्या मते फोनची ऑपरेटिंग सिस्टीम कोणती हे दुय्यम आहे. त्या फोनला सुरक्षा अपडेट किती वर्षे मिळणार आणि त्या हिशेबाने तो वर्षाला कितीला पडणार, हे आधी पाहिले पाहिजे. बँकेचे अ‍ॅप, यूपीआय, डिजिलॉकर हे सारे ज्या उपकरणात आहे त्याला सुरक्षा अपडेट येणे थांबले, की ते दिसायला कितीही नवे असले तरी पैशाच्या व्यवहारांसाठी वापरू नये.

काही वर्षांपूर्वी हा निकष लावला असता, तर आयफोनखेरीज नाव घेण्यासारखे फारसे काही उरले नसते. २०१५ साली आलेल्या आयफोन ६एसला २०२१ चे आयओएस १५ (आयफोनच्या प्रणालीची आवृत्ती) मिळाले. त्या काळातले बहुतेक अँड्रॉइड फोन मात्र दोन, फार तर तीन वर्षांत वाऱ्यावर सोडले जात. ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगलने पिक्सेल ८ ला सात वर्षांच्या अपडेटचे आश्वासन दिले, जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ मालिकेला तेवढेच दिले, आणि त्याच वर्षी भारतात आलेल्या गॅलेक्सी ए१६ ५जी या १८,९९९ रुपयांच्या फोनलाही सहा वर्षांचे आश्वासन मिळाले. महागड्या फोनांपुरती असलेली ही सोय मधल्या आणि खालच्या गटात उतरली, हा गेल्या काही वर्षांतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा बदल आहे. कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल मोजण्याच्या नादात तो झाकला गेला.

आता साधा भागाकार करू. बाजारात आले तेव्हाच्या किमती धरल्या, तर आयफोन १७ (८२,९०० रुपये) सात वर्षे वापरला तरी वर्षाला साधारण ११,८४० रुपयांना पडतो. पिक्सेल ९ए (४९,९९९ रुपये) सात वर्षांच्या हिशेबाने ७,१४० रुपयांना, नथिंग फोन ३ए (२४,९९९ रुपये) सहा वर्षांच्या सुरक्षा अपडेटवर ४,१७० रुपयांना आणि गॅलेक्सी ए१६ सुमारे ३,१७० रुपयांना पडतो. 'महाग आयफोन शेवटी स्वस्तच पडतो' हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकले आहे की ते कोणी तपासूनच पाहत नाही.

मात्र ही वर्षे तुम्ही फोन घेतल्यापासून मोजली जात नाहीत, तो बाजारात आल्यापासून मोजली जातात. २०२३ चा पिक्सेल ८ दोन वर्षांनी सेलमध्ये घेणाऱ्याच्या हाती पाचच वर्षे उरतात. शिवाय अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्या आणि सुरक्षा अपडेट या वेगळ्या गोष्टी आहेत. वरच्या नथिंगला सुरक्षा अपडेट सहा वर्षे असले, तरी नव्या आवृत्त्या तीनच आहेत. जाहिरातीत मोठा आकडा ठळक असतो, तो नेमका कशाचा आहे ते वाचूनच पैसे द्यावेत.

पारिजातक

भागाकार बरोबर आहे. भाजक मात्र गृहीत धरलेला आहे. पिक्सेल ८ ची सात वर्षे ऑक्टोबर २०३० मध्ये पूर्ण होतील. म्हणजे गूगल आणि सॅमसंग यांचे हे आश्वासन अजून एकाही फोनवर शेवटपर्यंत पाळून झालेले नाही, आणि तुम्ही मात्र ते जणू हातात पडले आहे असे धरून रुपये-पैशांचा हिशेब मांडता. २०१८ च्या आयफोन एक्सआरला २०२४ चे आयओएस १८ मिळाले, हा घडून गेलेला व्यवहार आहे. मी पैसे देताना वचनापेक्षा इतिहासाला जास्त किंमत देईन.

कंपनीच उद्या या धंद्यात राहील का, हाही प्रश्न आहे. एलजीने एप्रिल २०२१ मध्ये मोबाइलचा व्यवसाय बंद करत असल्याचे जाहीर केले. विंडोज फोन घेणाऱ्यांना मायक्रोसॉफ्टसारखी कंपनी पाठीशी असूनही काही वर्षांत बाहेर पडावे लागले, आणि २०१९ संपताना व्हॉट्सअ‍ॅपनेही त्या प्रणालीची साथ सोडली.

दुसरे असे की अठरा-एकोणीस हजारांच्या फोनला सहाव्या वर्षी अपडेट आले, तरी ते त्याला पेलेल का? प्रोसेसर पहिल्या दिवशीच प्राथमिक गटातला असतो आणि अ‍ॅप दरवर्षी जड होत जातात. कागदावर सहा वर्षे चालणारा फोन चौथ्या वर्षी पैसे पाठवताना अडखळू लागला, तर माणूस तो बदलणारच. मग तुमचे ३,१७० रुपये तिथेच ४,७५० होतात.

आणि पुनर्विक्रीचे काय? तीन-चार वर्षांच्या आयफोनला एक्सचेंजमध्ये जी रक्कम मिळते, तिच्या जवळपासही त्याच वयाचा बहुतेक अँड्रॉइड फोन पोहोचत नाही. ही रक्कम वजा न करता केलेली तुलना एकतर्फी आहे.

बांधावरून

दोघांचेही फोन पडत नाहीत असे दिसते.

मी तालुक्याच्या गावी राहतो. आमच्याकडे फोन शेतात जातो, मोटारसायकलच्या हँडलला लागतो, ई-पीक पाहणीसाठी (अ‍ॅपवर पिकाची नोंद करण्यासाठी) भर उन्हात गटावर उभे राहून त्याच्याकडून फोटो काढून घेतला जातो. अशा वापरात अपडेट संपायच्या आधी फोनच संपतो. त्यामुळे माझा पहिला प्रश्न असा असतो, की याचा फोल्डर (काचेसह डिस्प्ले) फुटला किंवा चार्जिंगची पिन गेली तर बाजारपेठेतला दुकानदार तो संध्याकाळपर्यंत करून देईल का. तालुक्याला ज्या फोनांचा खप जास्त, त्यांचेच सुटे भाग दुकानात असतात. आयफोनचा अस्सल डिस्प्ले हवा तर मोठ्या शहरात जावे लागते, आणि पिक्सेलचे नाव काढले की आमचा दुकानदार हसतो.

म्हणून बारा-पंधरा हजारांचा, गावात खपणारा फोन घ्यावा, तीन वर्षे मोकळेपणाने वापरावा आणि बदलावा, असे माझे मत आहे. पन्नास हजारांचा फोन सात वर्षे जपायचा म्हणजे सात वर्षे त्याची राखण करायची. वर्षाला चार-पाच हजारच पडतात, डोक्याला ताप नाही, आणि दर तीन वर्षांनी बॅटरीही नवी मिळते. जिथे दुरुस्ती होत नाही तिथे अपडेटची हमी घेऊन काय करायचे?

शून्यएक

मूळ प्रस्तावात एक गोष्ट जास्त काळी रंगवली आहे. सुरक्षा अपडेट थांबले म्हणजे अँड्रॉइड फोन दुसऱ्या दिवशी उघडा पडतो असे नाही. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून प्रणालीचे काही भाग गूगल परस्पर, फोन बनवणाऱ्या कंपनीची वाट न पाहता, गूगल प्लेमार्फत अपडेट करते. अ‍ॅपदेखील जुन्या अँड्रॉइडला बराच काळ सांभाळून घेतात. व्हॉट्सअ‍ॅपचेच पाहा: २०२५ साली त्याने किमान अट अँड्रॉइडसाठी ५.० ठेवली, म्हणजे २०१४ ची आवृत्ती. आयफोनसाठी मात्र आयओएस १५.१, म्हणजे २०२१ ची. आयफोन ६ वापरणाऱ्याचे व्हॉट्सअ‍ॅप त्या मे महिन्यात बंद झाले आणि त्याच वयाचे अँड्रॉइड फोन चालू राहिले. पारिजातक यांनी इतिहासाचा मुद्दा काढला आहे, तर इतिहासाची ही बाजूही त्यांनी हिशेबात धरावी.

अनवट

शून्यएक, व्हॉट्सअ‍ॅप चालते आणि फोन सुरक्षित आहे, यांत मोठे अंतर आहे. प्लेमार्फत येणारे अपडेट चिपच्या ड्रायव्हरमधल्या (चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या) आणि कर्नेलमधल्या (प्रणालीच्या गाभ्यातल्या) बहुतेक त्रुटींपर्यंत पोहोचत नाहीत. त्या बुजवण्यासाठी चिप बनवणारी आणि फोन बनवणारी अशा दोन्ही कंपन्यांना काम करावे लागते, आणि अपडेटची मुदत संपल्यावर नेमके तेच काम थांबते. २०२५ साली अँड्रॉइड ५ वर व्हॉट्सअ‍ॅप चालत होते म्हणून त्यावर बँकेचे खाते उघडण्याचा सल्ला तुम्हीही देणार नाही.

पारिजातक, वचन आणि इतिहास यांतला फरक मान्य करूनही मी विचारतो, की ॲपलने लेखी काय दिले आहे? ब्रिटनमध्ये २०२४ साली लागू झालेल्या कायद्यामुळे प्रत्येक कंपनीला किमान मुदत जाहीर करावी लागली, तेव्हा ॲपलने आयफोन १५ प्रो मॅक्ससाठी पाचच वर्षे लिहून दिली. प्रत्यक्षात ते जास्त देतात हे खरे, पण ती त्यांची मर्जी झाली. एलजीचे उदाहरण योग्य आहे, म्हणूनच मी यादीत गूगल आणि सॅमसंग यांना पुढे ठेवले. अँड्रॉइडच ज्याचे आहे त्या गूगलला त्यातून अंग काढून घेणे एलजीइतके सोपे नाही. पुनर्विक्रीची रक्कम जरूर वजा करा, मात्र ती सातव्या वर्षाची करा. फोन चौथ्या वर्षी विकून सात वर्षांचा हिशेब सांगता येणार नाही.

ऱ्हाईनकाठ

जर्मनीत राहत असल्यामुळे या वादाकडे मी थोडा वेगळ्या बाजूने पाहतो. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नवा नियम लागू झाला. एखाद्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे ऑपरेटिंग सिस्टीमचे अपडेट द्यावे लागतात, सुटे भाग सात वर्षे उपलब्ध ठेवावे लागतात, आणि बॅटरी ८०० वेळा पूर्ण चार्ज झाल्यावरही निदान ८० टक्के क्षमता राखणारी असावी लागते. खोक्यावरच्या लेबलावर दुरुस्तीसुलभतेची श्रेणी छापलेली असते, ए ते ई. अनवट यांनी मोजायला सांगितलेली वर्षे येथे विक्री थांबल्यापासून मोजली जातात, बाजारात आल्यापासून नव्हे, हा फरक लहान नाही. सेलमध्ये जुने मॉडेल घेणाऱ्याचे नुकसान त्यामुळे बरेच टळते.

बांधावरून यांचा मुद्दा म्हणूनच मला या धाग्यावरचा सर्वांत वजनदार वाटतो. अपडेट आणि सुटे भाग एकत्र बांधले नाहीत, तर एकाचा उपयोग दुसऱ्याशिवाय अर्धाच राहतो. मात्र तीन वर्षांनी फोन टाकून द्यावा हा त्यांचा निष्कर्ष मला पटत नाही. बॅटरी बदलण्याचा खर्च नव्या फोनच्या तुलनेत किरकोळ असतो.

पारिजातक

सातव्या वर्षाची पुनर्विक्री मागणे म्हणजे खेळाचे नियम मधेच बदलणे झाले. लोक सात वर्षे फोन वापरतात हेच मुळात तुमचे गृहीतक आहे. जो चौथ्या वर्षी फोन बदलणार, त्याला अपडेटची उरलेली वर्षे स्वतः उपभोगता येत नाहीत, विकताना मात्र त्यांची किंमत मिळते, आणि आजच्या बाजारात ती आयफोनलाच जास्त मिळते.

विकत घेणाऱ्याच्या बाजूनेही पाहा. मी माझ्या भाच्याला वापरलेला आयफोन घ्यायला सांगितले आणि पैसे देण्याआधी दोन गोष्टी करायला लावल्या. '*#०६#' दाबून मिळालेला आयएमईआय क्रमांक (फोनचा ओळख क्रमांक) सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तपासायचा, म्हणजे फोन चोरीचा म्हणून बंद केलेला आहे का ते कळते. आणि सेटिंगमध्ये बॅटरीची उरलेली क्षमता पाहायची. तुमच्या सूत्राने काढले तरी त्याचा वर्षाचा खर्च नव्या पिक्सेल ९ए पेक्षा कमी येतो.

बांधावरून

ऱ्हाईनकाठ, बॅटरी किरकोळ खर्चात बदलते हे खरे, पण ती अस्सल मिळाली तर. आमच्याकडे तीन वर्षे जुन्या मॉडेलला जी बॅटरी मिळते ती कोणत्या कारखान्यातली, हे दुकानदारालाही ठाऊक नसते, आणि तसली बॅटरी खिशात घेऊन उन्हात फिरायला माझी तयारी नाही.

अनवट, तुमच्या यादीतला ए१६ आमच्या बाजारात मिळतो, त्याचा फोल्डरही आज मिळतो. माझा प्रश्न २०३० चा आहे. तेव्हा त्याला अपडेट येत असेल, पण फुटलेला डिस्प्ले तालुक्याला मिळेल अशी लेखी हमी भारतात कोणती कंपनी देते, ते सांगा. तोवर मी माझ्या पंधरा हजारांवर ठाम आहे.