गुलाबी डब्यातला केक नुसता बघायचा का?

भोचक
परवा इथे एकाने ठणकावलं, की 'द ग्रँड बुडापेस्ट हॉटेल' ज्याला आवडत नाही त्याला सिनेमातलं काही कळत नाही. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही. मला नाही आवडला! प्रत्येक चौकट पट्टीने आखलेली, माणसं बरोब्बर मधोमध, कॅमेरा वळणार तोही काटकोनात. हसायच्या आधीच थकलो. चार ऑस्कर मिळाले ते कशाला? वेशभूषा, रंगभूषा, कलादिग्दर्शन, संगीत. पटकथेची बोळवण नामांकनावर. यातच आलं सगळं.

रात्रपाळी
हॉटेलचा मुख्य कारभारी गुस्ताव झालेल्या रेफ फाइन्सला तर साधं नामांकनही नव्हतं, मग तो काय वाईट नट? अख्खा सिनेमा त्याच्या खांद्यावर आहे. मी सहा वर्षं हॉटेलच्या रिसेप्शनवर रात्रपाळ्या काढल्यात. अंगात ताप, समोर खेकसणारा पाहुणा, तरी चेहरा इस्त्रीचा ठेवायचा. गुस्ताव कविता म्हणता म्हणता शिवी हासडतो ना, तिथे मी एकटाच खो-खो हसत होतो. जग एवढं कडक इस्त्रीचं आहे म्हणून तर ती शिवी खपते. आणि शेवटच्या आगगाडीत रंगच काढून घेतलेत, ते उगाच?

चौकटीबाहेर
भोचकराव, पाहिलात कशावर? १९३२ चा भाग जवळपास चौकोनी आहे, रुंदी-उंची १.३७:१. १९६८ चा लांबलचक, १९८५ चा मधला. काळ बदलला की पडद्याचा आकार बदलतो. आमचे सासरे बाजूला काळे पट्टे दिसले की रिमोट उचलतात आणि चित्र ताणून पडदा भरतात. गुस्ताव बुटका आणि गालफुगीचा पेशंट झाला होता.

भोचक
पैसे अख्ख्या टीव्हीचे मोजलेत. पट्टे कशाला बघू?

चौकटीबाहेर
म्हणजे ताणलात! आणि वर म्हणे चौकट आवडली नाही. अहो, ती चौकट तुम्ही पाहिलीच नाही.

रिकामटेकडी
तुमचा टीव्ही ताणा नाहीतर घडी घालून कपाटात ठेवा. माझं दुखणं वेगळं आहे. संवाद इतके भरभर, की खालच्या ओळी वाचू का वरचं गुलाबी बघू? आईला दाखवला, तर ती दोन तास नुसत्या ओळी वाचत बसली. शेवटी म्हणाली, "गोष्ट बरी होती, हॉटेल कुठे होतं त्यात?"

चौकटीबाहेर
आईंनी निदान ताणला नाही.

भोचक
वैयक्तिक होऊ नका! पट्ट्यांवर वीस प्रतिसाद हवे असतील तर वेगळा धागा काढा. मुद्दा असा, की ते हॉटेल खोटं दिसतं.

रात्रपाळी
खोटंच आहे, लपवलंय कोणी? बाहेरून दिसतं ते लहानसं मॉडेल, आतलं भव्य दालन म्हणजे जर्मनीतल्या गर्लिट्झचं एक जुनं डिपार्टमेंट स्टोअर. एक मुलगी पुस्तक वाचतेय, पुस्तकात लेखक सांगतोय, लेखकाला म्हातारा झीरो, म्हणजे गुस्तावच्या हाताखालचा तेव्हाचा पोऱ्या, सांगतोय. एवढ्या तोंडांतून आलेली आठवण आहे ती. आठवणीतली घरं अशीच बाहुलीच्या घरासारखी होतात. माझ्या आठवणीत आमच्या हॉटेलचा जिना संगमरवरी आहे. प्रत्यक्षात साध्या फरशीचा होता.

भोचक
जिन्याचं बरं सांगितलंत. मॉडेलचं लक्षात आलं नव्हतं, मान्य. रात्री पुन्हा लावतो, पट्ट्यांसकट. आवडला तरी इथे येऊन सांगणार नाही.