‘लपवून’ की ‘झाकून’? डोंगरवाटेवर पिस्तूल बाळगण्याविषयी शब्दचर्चा

प्रश्न

माझा पुतण्या अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात स्थायिक झाला असून आता तेथील नागरिक आहे. सुट्टीच्या दिवसांत तो डोंगरांत पायी भटकतो, तंबू ठोकून मुक्काम करतो आणि अशा वेळी तेथील कायद्याप्रमाणे पिस्तूल बरोबर ठेवतो. ते पिस्तूल वाटेवरच्या इतर लोकांच्या नजरेस न पडता कसे न्यावे, याविषयीची एक इंग्रजी माहितीपुस्तिका त्याने आपल्या वडिलांसाठी, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांसाठी, पाठवली आहे. दीर भुदरगड तालुक्यात राहतात, शेती करतात, आणि त्यांच्याकडे पिकांच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना आहे. त्यामुळे बंदुकीचा विषय त्यांना नवा नाही, मात्र इंग्रजी वाचता येत नाही. ती पुस्तिका मी कोल्हापुरात बसून मराठीत उतरवते आहे.

पहिल्याच पानावर मी ‘पिस्तूल लपवून नेणे’ असे लिहिले आणि ते वाचून दाखवताच दीर उखडले. ‘माझं पोरगं काय चोर हाय व्हय, लपवून न्यायला?’ असे ते म्हणाले. त्यांचा राग मला पटला, परंतु त्या जागी कोणता शब्द घालावा हे सुचले नाही. ‘छुपे’, ‘गुप्त’, ‘दडवून’ हे सर्व शब्द लिहून पाहिले आणि सर्व खोडले. शिवाय हँडगन (हातात धरून चालवायची छोटी बंदूक) आणि होल्स्टर (ती अंगावर ठेवण्याचे कव्हर) या दोन शब्दांसाठीही सुटसुटीत मराठी शब्द हवे आहेत. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

ताई, आपल्या दिरांनी भाषेची नस अचूक पकडली आहे. ‘लपवणे’ या क्रियापदात नुसते नजरेआड करणे नसते, तर कुणीतरी शोधत असणे किंवा ज्याला कळायला हवे त्याला कळू न देणे हेही त्यात असते. मूल लपंडावात लपते तेव्हा त्याला शोधणारा गडी ठरलेला असतो. माणूस उत्पन्न लपवतो तेव्हा ते विचारण्याचा अधिकार कुणालातरी असतो. ‘लपवाछपवी’ हा शब्द तर कुणी चांगल्या अर्थाने वापरल्याचे आठवत नाही. ‘दडवणे’ त्याहून एक पायरी पुढे जाते, कारण दडवलेला माल बहुधा दुसऱ्याचा असतो किंवा बाजारातून मुद्दाम काढून घेतलेला असतो. ‘छुपे’ हे विशेषण तर ‘छुपा शत्रू’, ‘छुपा हल्ला’ यांच्याच पंगतीला बसते.

‘गुप्त’ या शब्दाची अडचण वेगळी आहे. आपल्याकडे ‘गुप्ती’ हे शस्त्र आहे. वरून साधी हातकाठी आणि आत पाते, असे त्याचे स्वरूप असते. तेथे शस्त्राचे रूपच दुसऱ्या वस्तूचे सोंग घेते, आणि म्हणूनच भारतातील शस्त्रांविषयीच्या नियमांत तलवारीबरोबर गुप्तीचाही स्वतंत्र उल्लेख आहे. ‘गुप्त पिस्तूल’ असे लिहिले तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पेनाच्या किंवा काठीच्या आकाराचे पिस्तूल येईल. आपल्या पुतण्याचे पिस्तूल सोंग घेत नाही. ते पिस्तूलच आहे, फक्त त्यावर कापड आहे.

म्हणून माझे मत ‘झाकणे’ या क्रियापदाला आहे. दुधाचे भांडे आपण झाकतो, देव झाकतो, पावसात धान्याची रास झाकतो, आणि यांतल्या कोणत्याही कृतीत कुणाला फसवण्याचा हेतू नसतो. झाकण्यात वस्तूची काळजी असते आणि भोवतीच्या माणसांची अदबही असते. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ या म्हणीत तर झाकण्याला मोल आहे. याउलट बाहीत लपवलेल्या वस्तूसाठी मराठीने ‘अस्तनीतला निखारा’ हा शब्दप्रयोग ठेवला आहे आणि तो आपण विश्वासघातक्यासाठी वापरतो. भाषेने या दोन कृती इतक्या स्पष्टपणे वेगळ्या केलेल्या असताना अनुवादात त्या एक करणे अन्यायाचे होईल.

आता ‘बाळगणे’. ‘बेकायदा पिस्तूल बाळगल्याप्रकरणी दोघांना अटक’ अशी वाक्ये वर्तमानपत्रांतून रोज वाचल्यामुळे हा शब्द आपल्याला गुन्ह्याचा वाटू लागला आहे, पण तो मुळात तसा नाही. माणूस गुरेढोरे बाळगून असतो, संयम बाळगतो, लाज बाळगतो. सांभाळणे, जपणे आणि सतत जवळ असू देणे हा अर्थ त्यात आहे, आणि शस्त्राच्या बाबतीत तोच हवा, कारण शस्त्र नुसते ‘नेऊन’ भागत नाही, ते प्रत्येक क्षणी सांभाळावे लागते. ‘वागवणे’ हाही जुना आणि चांगला शब्द आहे, परंतु त्यात ओझ्याची छटा अधिक आहे.

मात्र ‘बाळगणे’ या शब्दात एक संदिग्धता आहे आणि ती आपल्या अनुवादात नेमकी आडवी येईल. कपाटात कुलूपबंद ठेवलेले पिस्तूलही माणूस ‘बाळगतो’ आणि कमरेला लावलेले पिस्तूलही ‘बाळगतो’. म्हणजे ताबा असणे आणि बरोबर घेऊन फिरणे या दोन्ही गोष्टींना वर्तमानपत्री मराठीत एकच क्रियापद आहे. म्हणून ‘अंगावर’ हा शब्द जोडावा. आपल्याला हवा असलेला शब्दप्रयोग माझ्या मते ‘अंगावर झाकून बाळगणे’ असा आहे.

हँडगनविषयी थोडक्यात सांगतो. रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल ही दोन भिन्न शस्त्रे आहेत. एकात काडतुसे फिरत्या चक्रात असतात, दुसऱ्यात ती मुठीतल्या पेटीतून वर चढतात. दोहोंना मिळून रुळलेला मराठी शब्द नाही. ‘हातबंदूक’ कुणी बोलत नाही. सर्वसाधारण अर्थाने ‘पिस्तूल’ लिहावे आणि जेथे फरक महत्त्वाचा असेल तेथे दोन्ही नावे द्यावीत. लिहिताना ‘पिस्तूल’, पण ‘पिस्तुलाचे’, तसेच ‘बंदूक’, पण ‘बंदुकीचा’, ही ऱ्हस्व-दीर्घाची काळजी घ्यावी. पुष्कळ छापील मजकुरांत ती घेतलेली दिसत नाही.

प्रतिसाद २

‘झाकणे’ इतके निर्मळ नाही. ‘झाकपाक करणे’, ‘झाकाझाकी’, ‘पोराच्या चुका झाकणे’ हे प्रयोग आपण विसरलात काय? माझ्या आईच्या बोलण्यात तर ‘झाकतेस कशाला?’ हा प्रश्न ‘लपवतेस कशाला?’ याच्या इतकाच बोचरा असे.

प्रतिसाद १ चे लेखक

आपला आक्षेप रास्त आहे आणि मी तो आधीच विचारात घ्यायला हवा होता. परंतु आपण दिलेली उदाहरणे पाहिली तर त्यांत झाकले जाते ते कृत्य किंवा दोष. वस्तू झाकली जाते तेव्हा तो डाग येत नाही. ‘लपवणे’ मात्र वस्तू असो वा कृत्य, दोन्हीकडे संशय घेऊनच येते. दागिने झाकून घे, असे प्रवासाला निघालेल्या सुनेला सासू सांगते, तेव्हा ती तिला खोटेपणा शिकवत नसते. त्यामुळे ‘पिस्तूल झाकणे’ चालेल, मात्र ‘पिस्तूल असल्याचे झाकणे’ असे लिहू नये. त्या एका शब्दाने वस्तूऐवजी गोष्ट झाकली जाते आणि आपण म्हणता तो बोचरेपणा लगेच परततो.

प्रतिसाद ३

होल्स्टरविषयी लिहितो. आमच्या घरात तीन पिढ्यांचे चामड्याचे काम आहे. मुख्य काम कोल्हापुरी चपलांचे, पण परवानाधारक मंडळी अधूनमधून पिस्तुलाचे कव्हर शिवून मागतात. ते ‘कव्हर’ म्हणतात, ‘पाऊच’ म्हणतात, आणि पोलिसांतली मंडळी ‘होल्स्टर’ म्हणतात. ‘म्यान’ असे आजवर एकाही गिऱ्हाइकाने म्हटलेले नाही. म्यानात पाते सरकते. पिस्तुलाच्या कव्हरात मूठ बाहेर राहते आणि चाप पूर्ण झाकला जातो, हा त्यातला जिवाचा भाग आहे, कारण चापाला बोट, दोरी किंवा कापडाची घडी लागता कामा नये. चष्म्याचे असते तसे ‘घर’ म्हणावे असे माझे वडील म्हणत. तो शब्द मला आवडतो, पण पुस्तिकेत एकदम घातला तर कुणालाही कळणार नाही. पहिल्यांदा ‘होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचे चामडी घर’ असे लिहून पुढे ‘होल्स्टर’च ठेवावे. मूठ जागेवर धरून ठेवणाऱ्या पट्टीला आम्ही टिचबटणाची पट्टी म्हणतो, तो शब्द सर्वांना समजेल.

कमरेला पट्ट्याच्या आत सरकवण्यासाठी ‘खोचणे’ हे क्रियापद मराठीत तयारच आहे. कट्यार कमरेला खोचत, विळा खोचतात. पण होल्स्टरशिवाय नुसते पिस्तूल पँटमध्ये अडकवणे यालाही लोक ‘खोचणे’च म्हणतात आणि ती पद्धत धोक्याची आहे. म्हणून पुस्तिकेत ‘होल्स्टरसह खोचणे’ असे स्पष्ट लिहावे, नाहीतर शब्द बरोबर आणि कृती चुकीची असे होईल.

प्रतिसाद ४

मी पन्हाळा ते पावनखिंड ही वाट अनेकदा चाललो आहे आणि रांगणा, गगनबावडा, दाजीपूर या भागांत नियमित जातो. शब्दांचा निर्णय वर झालाच आहे, पण पुस्तिका भुदरगडात वाचली जाणार असल्यामुळे आणखी एक गोष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. शब्द मराठी झाला की वाचणाऱ्याला वाटते की नियमही इथलाच आहे.

अमेरिकेत 2010 सालच्या फेब्रुवारीपासून राष्ट्रीय उद्यानांत त्या त्या राज्याच्या कायद्यानुसार बंदूक बरोबर ठेवता येते, मात्र उद्यानातील सरकारी इमारतींत नेता येत नाही. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार अभयारण्यात कोणतेही शस्त्र घेऊन जाण्यास लेखी पूर्वपरवानगी लागते, आणि राष्ट्रीय उद्यानांनाही तेच लागू आहे. राधानगरी अभयारण्यात आणि चांदोली राष्ट्रीय उद्यानात शस्त्राचा परवाना खिशात असला तरी तो पुरत नाही. त्याच कायद्यात स्वसंरक्षणासाठी प्राण्याला मारणे किंवा जखमी करणे हा गुन्हा नाही असे म्हटले आहे, पण ती वेळ आली तेव्हा तो माणूस स्वतः त्या कायद्याचा भंग करीत असेल तर ही सवलत त्याला मिळत नाही. परवानगीवाचून शस्त्र घेऊन आत शिरलेल्या माणसाने गव्यावर गोळी झाडली तर ‘जीव वाचवला’ हे म्हणणे त्याच्या कामी येणार नाही. गवा त्या कायद्याच्या अनुसूची 1 मधला, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेला, प्राणी आहे, आणि इतक्या मोठ्या जनावरापुढे पिस्तुलाचा उपयोगही नाही. गवा दिसला की अंतर राखून, आवाज न करता, त्याला वाट मोकळी करून द्यायची, हे दाजीपूरच्या कुणाही वाटाड्याला ठाऊक आहे.

आणि आता ‘झाकणे’ या शब्दाच्या बाजूने एक पुरावा. आपल्या 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल न्यायचे तर ते अंगाला जोडलेल्या होल्स्टरमध्ये किंवा पाठीवरच्या पिशवीत असावे लागते, ते पूर्ण झाकलेले असावे लागते आणि नेणाऱ्याचे त्यावर नियंत्रण असावे लागते. म्हणजे येथे न दिसणे ही पळवाट नाही, ते परवानाधारकाचे कर्तव्य आहे. ‘लपवणे’ या शब्दाने ते कर्तव्य कधीच सांगता येणार नाही. ‘झाकणे’ या शब्दाने ते एका वाक्यात सांगता येते.

ताई, आपल्या दिरांचा परवाना ठासणीच्या बंदुकीचा आणि पिकांच्या रक्षणासाठी आहे. या पुस्तिकेतील कोणतीही पद्धत त्या बंदुकीला लागू होत नाही, हे त्यांना ठाऊक असेलच. तरी घरातल्या तरुणांसाठी पहिल्या पानावर तसे लिहावे.

प्रश्नकर्ती

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री दिरांना सुधारित मजकूर वाचून दाखवला. तो असा आहे:

‘डोंगरवाटेने जाताना पिस्तूल अंगावर झाकून बाळगावे, म्हणजे वाटेवरच्या माणसांना त्याची भीती वाटणार नाही. पाठीवर सॅक असेल तर तिचा कमरपट्टा कमरेवर घट्ट बसतो आणि कमरेचे होल्स्टर त्याखाली दबते. म्हणून होल्स्टर छातीवर, जाकिटाच्या आत लावावे, किंवा पोटावर बांधायच्या पिशवीत होल्स्टरसह ठेवावे. पिस्तूल सॅकमध्ये ठेवले तर सॅक उतरवून पाणी आणायला जाताना ते अंगावर राहत नाही, हे ध्यानात असावे.’

दीर शेवटच्या वाक्याशी थांबले. ‘सॅकमध्ये असले तर ते बाळगलेले कसे? ते ठेवलेले,’ असे म्हणाले. प्रतिसाद १ मधील ‘अंगावर’ या शब्दाची गरज त्यांना कुणी समजावून सांगावी लागली नाही. आता मी पुस्तिकेत सर्वत्र अंगावरचे ते ‘बाळगणे’ आणि सामानातले ते ‘ठेवणे’ असा भेद केला आहे.

एक जागा मात्र अडली आहे. कपडा झिरझिरीत किंवा तंग असला की झाकलेल्या पिस्तुलाची आकृती वरून कळते. त्यासाठी इंग्रजीत छपाईशी नाते असलेला शब्द आहे. मी ‘छापणे’ लिहिले, ते अगदीच विचित्र दिसते.

प्रतिसाद २ चे लेखक

‘उमटणे’ लिहा. ओल्या मातीत पाऊल उमटते, गालावर बोटे उमटतात, तसा शर्टावर पिस्तुलाचा आकार उमटतो. आणि ‘झाकणे’ याविषयीचा माझा आक्षेप मी मागे घेतो, ‘असल्याचे’ हा शब्द त्याच्या आसपास येणार नाही या अटीवर.