खिडकीच्या गजाची सुतळी (म्हातारं मांजर सांभाळलेल्यांनी या)

ठमीची_आई, लातूर

दिवाळीची आवराआवर काढली होती. मागच्या खोलीची खिडकी पुसताना गजाला सुतळीची गाठ लागली हाताला. मधल्या काळात घराला दोनदा रंग झाला, रंगाऱ्यानं गाठीवरूनच ब्रश फिरवलेला. सोडवायला गेले आणि आठवलं, ही ठमीच्या सलाईनच्या बाटलीची. तशीच बसले स्टुलावर, हातात साबणाचं फडकं.

ठमी म्हणजे आमची मांजर, २००१ ची. २०१६ च्या उन्हाळ्यात तिला पंधरा पूर्ण झाली. तो उन्हाळा लातूरकरांना सांगायला नको. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांपाशी १४४ कलम, एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी. आमच्याकडं घागरी मोजून वापर चाललेला आणि ही बया वाडगंच्या वाडगं रिकामं करायची. आधी वाटलं ऊन लागतंय. मग ध्यानात आलं, रात्रीतनं तीन-तीनदा उठून पिते आणि न्हाणीच्या कोपऱ्यात तळं करून ठेवते. एकदा चिडून वाडगं उचलून फळीवर ठेवलं मी. दोन तास. वाडगं जिथं असायचं तिथं जाऊन फरशी चाटत बसली होती.

रक्त तपासल्यावर कळलं, किडन्या गेल्यात. लघवी घट्ट करायची ताकदच राहिली नव्हती, म्हणून पिलेलं अंगात थांबत नव्हतं.

मग एक दिवसाआड कातडीखाली सलाईन, साडेचार महिने. डॉक्टरांनी शिकवलं, खांद्यामधली कातडी चिमटीत धरून तंबू करायचा आणि तंबूच्या दारातनं सुई घालायची. पहिल्या दिवशी सुई आरपार निघाली आणि सगळं पाणी माझ्या साडीवर. आत्याबाई दारात उभ्या. "माणसाला प्यायला न्हाई आन् मांजराला बाटलीनं." पण पुढं बाटली कोमट पाण्यात बुडवून ठेवायचं काम त्यांनीच अंगावर घेतलं. थंडगार सलाईननं ठमी शहारायची ना. ते कोमट पाणी मग भांड्यांना, वाया काही जाऊ द्यायच्या नाहीत.

ऑगस्टात तिनं खाणं सोडलं. डॉक्टर म्हणले, इंजेक्शन देऊन सोडवता येईल. आत्याबाई म्हणल्या, मांजर मारलं की काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतंय. मी नाही म्हणून आले आणि नाव आत्याबाईंचं सांगितलं. खरं म्हणजे माझीच छाती झाली नाही. त्यानंतर सहा दिवस होती. त्या सहा दिवसांचं लिहिणार नाही.

तुम्ही कसं ठरवलं? ठरवलं का?

मांजराकाठ

मांजरा धरण कोरडं आणि घरात मांजर तहानलेलं. हसू का रडू ताई. आम्ही त्या साली टँकरमागं पळत होतो, तुम्ही असं काही करत असाल ध्यानीमनी नव्हतं.

हौ_नांदेडकर

ताई, ड्युटीवरून लिहितोय, तुटक होईल. आमचा बाळ्या १४ वर्षांचा बोका. तेच दुखणं. क्रिएटिनीन (किडनी बिघडली की रक्तात वाढतं ते) मागल्या आठवड्यात ६.८. वजन सहा किलोवरून तीनवर आलं. सलाईन बायको लावते, मी धरतो, म्हणजे धरायचं नाटक करतो, बघवत नाही. तोंडाला वास येतो लई. लाळ गळते. परवा कपाटात जाऊन बसला, चार तास सापडंना. काय काय ध्यानात घ्यावं, सांगा कुणीतरी. आई म्हणते देवाच्या हवाली कर.

तुरीची_शेंग

🙏 पोरांचे डबे करून येते, लिहायचंय मला.

परभणीची_व्हेट

परभणीच्या व्हेटरनरी कॉलेजची मी, आता लहान जनावरंच बघते. दादा, तुमच्या डॉक्टरांनी सांगितलंच असेल, तरी.

तोंडाचा वास आणि लाळ हे बहुतेक रक्तात साठलेल्या घाणीनं, तोंडात फोड येतात त्यानं. मळमळही असते. भूक आहे पण वास घेऊन तोंड फिरवतोय, असं असेल तर मळमळीचं औषध मागा, त्यानं कधी कधी चार दिवस बरे जातात. मांजर दोन-तीन दिवस सलग उपाशी राहिलं की लिव्हरवर चरबी चढते, म्हणून "उद्या खाईल" करत बसू नका. आणि घरातली क्रोसिन वगैरे चुकूनही नाही. पॅरासिटामॉलची माणसाची एक गोळी मांजराचा जीव घेते. आठवड्याला एक तरी केस येतेच, "ताप होता म्हणून अर्धीच दिली."

कपाटात बसणं म्हणजे रुसणं नाही. दुखणारं मांजर लपतं. आणि गुरगुरतंय म्हणजे सुखात आहे असंही नाही, दुखत असताना पण गुरगुरतात.

ठरवायचं कसं, तर ॲलिस व्हिलालोबोस नावाच्या व्हेटनी केलेली एक मोजणी आहे. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि चांगले दिवस जास्त का वाईट, या सातांना प्रत्येकी दहापैकी गुण. ७० पैकी ३५ च्या वर असेल तर चालू ठेवण्यासारखं धरतात. मी लोकांना सोपं करून सांगते, कॅलेंडर घ्या, त्याच्या चांगल्या दिवसावर टिकली लावा, वाईटावर फुली. महिना संपला की तुम्हीच बघा.

ढोकी_लोकल

अवांतर : लातूरची पाण्याची रेल्वे आमच्या स्टेशनवरून जाताना बघायला पोरं जायची. बापानं पोराला काय दाखवावं तर पाणी.

परांड्याचा_पाटील

सलाईन, टिकल्या, फुल्या. आमच्या आजोबांना पण एवढं नव्हतं केलं कुणी.

ठमीची_आई, लातूर

पाटील, मग आजोबांचा धागा काढा, तिथं पण येते मी.

परांड्याचा_पाटील

😀 ऱ्हावं द्या. चेष्टा केली ताई. आमच्याकडं पण हाय एक, धान्याच्या खोलीत. नाव बी ठेवलं न्हाई अजून.

किल्लारीची_लेक

आमच्या आजीची मांजर भूकंपाआधीची. आमच्यात वय असंच मोजतात, भूकंपाआधीचं का नंतरचं. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे घर बसलं, तिसऱ्या दिवशी ही ढिगाऱ्यावर येऊन उभी. पांढरी होती, मातीनं तांबडी झालेली. पुढं टिनाच्या शेडात आजीच्या गोधडीवर म्हातारी झाली. आजी तिला शेवटी भाकरीचा पापुद्रा दुधात कुस्करून बोटानं चाटवायची. एक दिवस उठून गेली ती आलीच नाही. आजी म्हणायची, मांजर धन्याच्या घरात मरत नाही, घराला विटाळ नको म्हणून जातंय. आम्ही सगळ्यांनी तेच धरून ठेवलं. पंधरा दिवसांनी कडब्याची गंजी हलवली तेव्हा खाली सापडली. घरापासून वीस पावलांवर. आजीला सांगितलं नाही कुणी.

परभणीची_व्हेट

ताई, ते विटाळाचं नसतं हो. अंगात त्राण नसलं की आडोसा धरतात, तिथून परत यायचं बळ राहत नाही. पण आजीला सांगितलं नाहीत ते बरं केलंत.

तुरीची_शेंग

आले. जालन्याची मी. आमच्या मंगळूला २०२२ मध्ये इंजेक्शन दिलं. जबड्यात गाठ होती, शेवटी डोळा पण बाहेर आलेला. जे घाबरतात त्यांच्यासाठी सगळं लिहिते, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं.

डॉक्टर घरी आले. आधी एक भुलीचं दिलं, त्यानं पाच-सात मिनिटांत ती माझ्या मांडीवर सैल झाली. मान हातात आली अख्खी. मग पुढच्या पायाचे केस भादरले, शीर बघितली आणि दुसरं औषध. तेही भुलीचंच, जास्त मात्रेत. सुई निघायच्या आत झालं. डोळे मिटत नाहीत, हे माहीत असू द्या. मी मिटायला बघत होते दोन-दोनदा. थोड्या वेळानं एक मोठा श्वास घेतल्यासारखं पोट हललं, मी ओरडले, जिवंत आहे म्हणून. डॉक्टर म्हणले नाही, ते स्नायूंचं असतं.

आणि हो, भुलीच्या आधी मी तिला श्रीखंड चाटवलं. आयुष्यभर चोरून खायची, त्या दिवशी वाटीच पुढं केली. दोनदा जीभ लावली.

मोठ्या पोरानं महिनाभर माझ्याशी नीट बोलणं टाकलं होतं. त्याला वाटलं मी कंटाळले. थोडी कंटाळले होते पण. रोज पू पुसत होते मी.

गोदाकाठचा_गण्या

कुणाला सोन्याच्या मांजराचं खरंच भ्या वाटतंय का? आजच्या भावात काशीला मांजर न्यायचं म्हणजे रान इकावं लागंल.

तुरीची_शेंग

सासूबाईंनी माझ्याकडून चांदीची पणती लावून घेतली गणपतीला. तेवढ्यावर मिटलं.

पैठणकर

खात नसलेल्या मांजराला नाथसागराचा मासा उकडून, काटे काढून, नुसतं पाणी द्या कोमट. मीठ-हळद काही नको. वासानंच उठतं. आमचा बोका १७ वर्षं जगला, जन्मभर कोळ्यांच्या होडीपाशी.

मांजराकाठ

पैठणकर, कोणता मासा? मरळ का?

पैठणकर

मरळ माणसांना 😀 मांजराला बारकी मासळी पण चालते. मरळीचं कालवण करायचं असेल तर खसखस आणि सुकं खोबरं भाजून, काळा मसाला…

ठमीची_आई, लातूर

पैठणकर, पाककृतीचा वेगळा धागा काढा बाबा, मी उपाशी बसलेय.

बीडची_मावशी

सगळं वाचलं. आमच्या गावात जनावरांचा दवाखाना आहे, तिथं गाई-म्हशीच. मी पिशवीत मांजर घेऊन गेले तर रांगेतले लोक हसले. तिथल्या माणसानं हात न लावता सांगितलं, म्हातारं झालंय, सोडून या लांब कुठंतरी. पिशवी छातीशी धरून परत आले. पुढं एका पोरानं, उदगीरला शिकत होता जनावरांचंच, सुट्टीला आला होता, त्यानं येऊन बघितलं. दात किडले होते फक्त. दोन काढले संभाजीनगरला नेऊन. तीन वर्षं राहिली त्यानंतर. येष्टीत कंडक्टर म्हणला, मावशी, हाफ का फुल?

हौ_नांदेडकर

सगळ्यांना वाचतोय. बायकोला वाचून दाखवलं. कॅलेंडर कालपासून लावलं, मागचे दिवस आठवून आठवून भरले. बायकोच्या हिशोबात टिकल्या अकरा, माझ्या हिशोबात चार. त्यावरून भांडण झालं आमचं. ती म्हणते परवा उन्हात जाऊन बसला ती टिकली, मी म्हणतो त्याला उचलून कुणी नेलं?

परभणीची_व्हेट

दादा, उचलून नेल्यावर तो तिथं पडून राहिला का बसला?

हौ_नांदेडकर

बसला. पाय आत घेऊन.

परभणीची_व्हेट

मग वहिनींचं अर्धं धरा.

हौ_नांदेडकर

डॉक्टरांना गुरुवारी घरी बोलावलं होतं. आज सकाळी पैठणकरांचं माशाचं पाणी चार चमचे घेतलं त्यानं. बायकोनं माझ्याकडं बघितलं. डॉक्टरांना फोन करून म्हणलं, रविवारी या.

ठमीची_आई, लातूर

मी पण असंच दोनदा पुढं ढकललं होतं. फोन करत राहा इथं. सुतळी मी सोडली नाही, साबण लावून पुसली तेवढी.

पैठणकर

नांदेडकर, पाणी रोज ताजं करा, फ्रीजचं नको. मासा मिळंना झाला तर नंबर कळवा, येष्टीत देतो पाठवून.